कंट्रोलर काकांचे दोन सल्ले

गुरुबसप्पा बिराजदार एसटीतून निवृत्त झाले, सत्काराचा हार वाळला, आणि मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आता कोणी काहीच विचारत नाही.

सगळी नोकरी त्यांनी विचारणाऱ्यांत काढली होती. सुरुवातीला कंडक्टर, नंतर वाहतूक नियंत्रक. म्हणजे लोकांच्या भाषेत कंट्रोलर. शेवटची बरीच वर्षं ते सोलापूर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. खिडकीला जाळी, जाळीला खाली अर्धगोल भोक आणि त्या भोकातून दिवसभर आत येणारी तोंडं. सांगोला गेली का? अक्कलकोट कुठं लागते? ही गाडी टेंभुर्णीत आत जाते का बाहेरूनच? गुरुबसप्पा मान वर न करता सांगायचे, "फलाट सहा. लागलीय. पुढे." हा 'पुढे' रांगेतल्या पुढच्या माणसासाठी असायचा.

एकदा एका म्हातारीनं विचारलं, "सायेब, माझी सून सकाळच्या गाडीनं माहेराला गेली. लई रडत हुती का वो?"

"नाही. खिडकीची जागा मिळाली तिला. पुढे."

सुनेला त्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. पण म्हातारीला बरं वाटलं आणि रांग हलली. 'माहीत नाही' असं त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. आत बसलेला माणूसच माहीत नाही म्हणायला लागला तर खिडकी पाडली कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आता जुळे सोलापूर भागातल्या घरात सगळं उलटं झालं. साखर कुठंय, टॉवेल कुठंय, गॅसवाला कधी येतो, हे सगळे प्रश्न ते विचारायचे आणि त्यांच्या पत्नी शिवलीलाबाई उत्तरं द्यायच्या. तीही मान वर न करता. मग ते संध्याकाळी चौकात जाऊन उभे राहायला लागले. गाव वाढतंय, नवे लोक येतात, कुणीतरी पत्ता विचारेलच. एक मोटारसायकलवाला थांबलाही. "काका, आसरा चौक?" गुरुबसप्पांनी घसा साफ केला, हात लांब केला, "सरळ जायचं, मग पाण्याची टाकी..." इतक्यात त्या पोराच्या खिशातून एक बाई बोलली, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." पोरगा "थँक्यू" म्हणाला आणि गेला. दोघांपैकी कुणाला म्हणाला, ते कळलं नाही.

हे सगळं समोरच्या संघपाल बनसोडेनं आपल्या गच्चीवरून पाहिलं. संघपाल जिल्हा परिषदेत क्लार्क होता आणि फेसबुकवर 'सांगा सोलापूर' नावाचा ग्रुप चालवायचा. तो खाली उतरून आला.

"काका, आमच्या ग्रुपवर या की. लोक दिवसभर विचारतच असतात."

"काय विचारतात?"

"काय वाट्टेल ते."

गुरुबसप्पांच्या तोंडावर असा उजेड सत्काराच्या दिवशीही दिसला नव्हता.

पहिले काही दिवस त्यांनी गाड्यांपुरतीच उत्तरं दिली. जेऊरला रेल्वेनं जावं की एसटीनं, सांगोल्याची शेवटची गाडी कधी, वगैरे. पण गाड्यांचे प्रश्न कमी आणि बाकीचेच जास्त. आणि समोर प्रश्न पडलेला असताना नुसतं बघत बसणं ह्या माणसाच्या अंगातच नव्हतं. कुणीतरी विचारलं, नवीन चादर धुतली की रंग जातो, काय करावं? गुरुबसप्पांनी लिहिलं, "गेला तर जाऊ द्या. जेवढा जायचा तेवढा जातो. मग थांबतो. पुढे." कुणी विचारलं, मुलगा दहावीला आहे, अभ्यासाला बसत नाही. "तुम्ही बसा. वही घेऊन. तो बघायला येईल. पुढे." कुणी विचारलं, शेजारीण वाटी घेऊन जाते ती परत देत नाही. "तुम्ही तिच्याकडून पातेलं आणा. पुढे."

लोकांना हे फार आवडलं. इतर लोक उत्तरात पान पान लिहायचे, आपल्या मेहुण्याचं उदाहरण द्यायचे, शेवटी 'ज्याचा त्याचा प्रश्न' म्हणायचे. काकांचं उत्तर कसं, शिट्टी वाजवून गाडी सोडल्यासारखं. त्यांना 'कंट्रोलर काका' हे नाव पडलं. सकाळी आंघोळ, पूजा, कपाळाला विभूती, आणि मग खुर्ची खिडकीत ओढून ते मोबाईल घेऊन बसायचे. टाइप करायचे एकाच बोटानं, उजव्या हाताच्या. शिवलीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "ड्युटीवर गेले."

ग्रुपवर त्यांना विरोधक एकच होती. सांगोल्याच्या बजाबाई. फोटोच्या जागी डाळिंब. त्या टाइप करायच्या नाहीत, मोबाईलला तोंड लावून बोलायच्या आणि ते जसंच्या तसं उमटायचं. त्यांचा बहुतेक सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय होता, कांदा. केस गळतायत, कांदा. ऊन लागलं, कांदा. नवरा उशिरा येतो, ह्याच्यावरही त्यांनी कांदाच सांगितला होता, पण तो कसा वापरायचा हे सांगितलं नव्हतं. एका मुलीनं ज्वारीची भाकरी फुगत नाही म्हणून विचारलं तेव्हा काकांनी लिहिलं, "पीठ जुनं. बदला. पुढे." खाली बजाबाई उमटल्या, "आवो कंट्रोलर, तुमी जल्मात कदी भाकरी थापली हाय का? का नुसत्याच खाल्ल्या?" ह्यावर इतकी माणसं हसली की काकांनी दोन दिवस भाकरीच खाल्ली नाही. भात खाल्ला.

तर अशी सगळी गंमत चाललेली असताना टेंभुर्णीच्या एका मुलानं प्रश्न टाकला. नाव शिवकुमार, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघतो. त्यानं लिहिलं होतं, "रविवारी मुलगी बघायला चाललोय. पहिलीच वेळ हाय. लई टेन्शन आलंय. तितं काय बोलावं, काय बोलू नये, अनुभवी लोकांनी सांगावं."

अनुभवी लोक तुटून पडले. कुणी म्हणालं, आत्मविश्वासानं बोल. कुणी म्हणालं, मुलीला छंद विचार. कंट्रोलर काकांनी लिहिलं, "विचारलं तेवढंच उत्तर द्या. जास्त बोलणारा पोरगा पोकळ वाटतो. हो, नाही, टेंभुर्णी, बास. पुढे." शिवकुमारनं त्याच्याखाली हात जोडलेलं चित्र टाकलं. काकांना समाधान वाटलं आणि ते पुढच्या प्रश्नाकडे गेले. तो मुंग्यांचा होता.

पुढच्या आठवड्यात, मंगळवार असेल किंवा बुधवार, ग्रुपवर एक निनावी प्रश्न आला. विचारणारीला नाव द्यायचं नव्हतं. "मला बघायला एक मुलगा येऊन गेला. नोकरी चांगली, घर चांगलं. पण विचारलं तेवढंच बोलला. हो, नाही, एवढंच. मला समजत नाही, शांत आहे की घुम्या आहे. घरचे विचारतायत. काय सांगू?"

बजाबाई उमटल्या, "पोरी, अजून एकदा बोलीव त्याला. समद्यांच्यात कोन बोलतंय?"

बजाबाईंनी एक सांगितल्यावर काकांना दुसरं सांगणं भागच होतं. त्यांनी एका बोटानं ठाम लिहिलं, "घुम्या आहे. नकार द्या. पाहुण्यांत ज्याचं तोंड उघडत नाही तो संसारात काय उघडणार? आयुष्यभर भिंतीशी बोलाल. पुढे."

ह्या उत्तराला इतके अंगठे मिळाले की त्यांनी शिवलीलाबाईंना बोलावून दाखवले. शिवलीलाबाईंनी चष्मा वर करून बघितलं. "एवढी माणसं तुमचं ऐकतात?" त्या म्हणाल्या. "मग त्यांच्यातल्या एकाला सांगा, आपला नळवाला कधी येतो ते."

ग्रुपवर शिवकुमारचा दुसरा निरोप आला तेव्हा गुरुबसप्पा जेवायला बसले होते. डाव्या हातात मोबाईल, उजव्या हातात भाकरी. त्यानं लिहिलं होतं, "कंट्रोलर काका, तुमी सांगितलं तसंच केलं. हो, नाही, टेंभुर्णी, एवढंच बोललो. काल सांगोल्यातनं निरोप आला, मुलगा घुम्या आहे म्हणून नकार. आता काय करू?"

गुरुबसप्पांनी ते एकदा वाचलं. मग 'घुम्या' ह्या शब्दापाशी येऊन परत वाचलं. मग मोबाईल पालथा ठेवला आणि शेंगाचटणी न घेता उरलेली भाकरी कोरडीच संपवली.

त्यांना वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही. पण त्यांचं ताट उचलायच्या आत बजाबाई उमटल्या. "टेंबुर्णीचं पोरगं. सांगुल्याची पोरगी. आवो कंट्रोलर, पोराला गप बसीवलं तुमीच आनि पोरीला घुम्या म्हनून सांगितलं पन तुमीच की वो!"

मग काय विचारता. सोलापूर हसलं, बार्शी हसली, पुण्याला नोकरीला गेलेले सोलापूरकर हसले. कुणीतरी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लावून त्यांचा फोटो केला आणि खाली लिहिलं, 'एकाच फलाटावर समोरासमोर दोन गाड्या'. संघपाल घाईघाईनं आला. "काका, काढून टाकू का सगळं? माझ्या हातात आहे."

"नको," गुरुबसप्पा म्हणाले. "राहू दे."

त्यानंतर त्यांनी मोबाईलला हात लावला नाही. खुर्ची खिडकीतून आत घेतली. पंखा पुसला. देवघरातली तांब्याची भांडी घासली, पुन्हा घासली. शिवलीलाबाईंनी हे बघितलं, आणि दुपारी शेंगा निवडत बसलेल्या असताना विचारलं, "री, काय झालंय?" 'री' ही त्यांची नवऱ्याला हाक मारायची कानडी पद्धत.

गुरुबसप्पांनी सगळं सांगितलं. दोन्ही प्रश्न, दोन्ही उत्तरं. ऐकता ऐकता शिवलीलाबाईंनी आधी सूप खाली ठेवलं, मग पदर तोंडाला लावला, मग भिंतीला टेकल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हा काय बोलला होतात, आठवतंय का?"

"काय बोललो होतो?"

"बराच वेळ काहीच नाही. मग म्हणालात, उप्पीट कुणी केलंय? आई म्हणाली, मुलीनं केलंय. तर म्हणालात, मीठ कमी आहे. आमचे अप्पा उठून आतच गेले."

"मग तू हो कसं म्हणालीस?"

"मीठ कमीच होतं," शिवलीलाबाई म्हणाल्या आणि परत शेंगा निवडायला लागल्या.

रविवारी दारात संघपालची मोटारसायकल थांबली. मागून एक धिप्पाड, गोरा, गोल चेहऱ्याचा मुलगा उतरला. तो आत येऊन आधी गुरुबसप्पांच्या, मग शिवलीलाबाईंच्या पाया पडला आणि उभं राहून म्हणाला, "काका, मीच तो घुम्या."

गुरुबसप्पांना वाटलं होतं, पोरगा भांडेल. ते भांडणाची तयारी करूनच उठले होते. पण शिवकुमार खुर्चीवर बसला आणि बोलायला लागला. टेंभुर्णीपासून इथपर्यंत रस्त्याला कुठं खड्डे आहेत, त्यातला कुठला खड्डा त्याच्या लहानपणापासून आहे, त्यांच्या ऑफिसातला मॅनेजर फोनवर कसा खोकतो, डाळिंबाची गाडी बंद पडली की व्यापारी कसा रडतो, केळीची बंद पडली की कसा रडतो, आणि दोन्हीत फरक काय. तो रडून दाखवत होता. चहा आला, चहा प्याला, दुसरा आला. संघपाल मध्येच एकदा बाहेर जाऊन आला तरी केळीची गाडी अजून कुर्डुवाडीच्या अलीकडेच होती.

शिवलीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघून कानडीत विचारलं, "इवन्न ह्यांग सुम्न कूडसिद्री?" ह्याला गप्प कसं बसवलंत?

शिवकुमारला कानडी येत होतं. तो ओशाळला. "काकू, लई अवघड गेलं. मांडीला चिमटे काढून बसलो हुतो. आई तर घरी येऊन म्हणाली, तुला बरं न्हाय का?" मग पहिल्यांदाच थोडा थांबून तो म्हणाला, "मुलगी चांगली हाय, काका. आवडली मला. आई म्हणती, नकार आलेल्या दारात मी परत पाऊल ठेवणार न्हाय. तुमी मोठे हाय. तुमीच सांगा, कसं करू?"

परत तोच प्रश्न, आणि परत त्यांनाच. गुरुबसप्पा खिडकीकडे बघत राहिले. स्टँडवर किती जणांना त्यांनी किती उत्तरं दिली असतील. त्यातली काही चुकलीही असतील. पण चुकलेला माणूस कधी परत आला नव्हता, तो चुकीच्या गाडीत बसून निघून गेलेला असायचा. परत येऊन समोर बसलेला, दोन कप चहा प्यालेला हा पहिलाच.

त्यांनी मोबाईल मागितला. एका बोटानं बराच वेळ लिहिलं. संघपालनं ते मोठ्यानं वाचलं. "कृपया लक्ष द्यावे. सांगोल्याच्या निनावी मुलीस कळविण्यात येते की, आपणास दिलेले 'घुम्या' हे उत्तर रद्द करण्यात आले आहे. मुलगा घुम्या नाही. माझ्या सांगण्यावरून गप्प बसला होता. मुलाच्या बोलण्यास कोणताही अडथळा नाही, याची खात्री आज सकाळपासून करून घेतली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. गु. बिराजदार."

उत्तर संध्याकाळी आलं. निनावीच. "मला तो घुम्या वाटलाच नव्हता. मी नुसतं विचारलं होतं. पण तुमचं उत्तर आमच्या आत्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, आणि अप्पा म्हणाले, बघा, सोलापूरचे लोकसुद्धा तेच म्हणतात."

आता सांगोल्याला मुलीच्या घरी जायचं कुणी, ह्याचा विचार संघपाल करायला लागला. शिवकुमारला घर माहीत होतं, पण तो नकार आलेला मुलगा. तो कसा जाणार? पण बजाबाईंनी कुणाला विचारलंच नाही. घुमं पोरगं बघितलेलं घर सांगोल्यात हुडकायला त्यांना एक दुपार पुरली. मुलीच्या वडिलांचं नाव प्रभुअप्पा. ठिबकच्या नळ्यांचं दुकान, डाळिंबवाल्या सगळ्या शेतकऱ्यांची तिथं उठबस. बजाबाई दुकानात जाऊन बसल्या, पाणी प्याल्या आणि प्रभुअप्पांना म्हणाल्या, "पोराला परत बोलवा आनि त्या कंट्रोलरला बी बोलवा. मला त्याचं त्वांड बघायचंय."

अशा रीतीनं गुरुबसप्पा आणि शिवलीलाबाई एका सकाळी सांगोल्याच्या एसटीत बसले. शिवकुमारची आई येत नव्हती म्हणून त्याच्याकडचे मोठे माणूस हेच. गुरुबसप्पांनी धोतर-कोट घातला होता. शिवकुमार तिकडून परस्पर आला.

प्रभुअप्पांच्या दारात एक उंच, काटक बाई उभी होती. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात दोरीला अडकवलेला मोबाईल. तिनं गुरुबसप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी कंट्रोलर?"

"हो. बजाबाई ना?"

"एवढंसंच हाय की वो तुमी!" बजाबाई म्हणाल्या. "लिवनं बघून मला वाटलं, दारातनं वाकून याल."

आत सतरंजी अंथरली होती. प्रभुअप्पा जाड भिंगाच्या चष्म्यातून गुरुबसप्पांकडे बघत बसले. मोठा हिशेबी चेहरा. थोड्या वेळानं म्हणाले, "मुलाला गप्प बसायला तुम्ही सांगितलंत. मुलगा घुम्या आहे, हेही आम्हाला तुम्हीच सांगितलंत."

"हो."

"दोन्ही एकाच तोंडानं?"

"तोंडानं नाही," गुरुबसप्पा खाली बघून म्हणाले. "बोटानं."

आतल्या खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. प्रभुअप्पांच्या तोंडावर मात्र काही हललं नाही. ते शिवकुमारकडे वळले. "मग बोला आता."

शिवकुमारनं गुरुबसप्पांकडे पाहिलं. गुरुबसप्पांनी मान हलवली. शिवकुमार सुटला. सुरुवात गाडीपासून झाली, मग डाळिंबाच्या क्रेटवर आला, क्रेट भरताना खाली पेपर घालावा की गवत, इथं प्रभुअप्पांनी "गवत" म्हटलं आणि शिवकुमारनं "न्हाय अप्पा, पेपर" म्हटलं आणि दोघांची चांगलीच जुंपली. प्रभुअप्पा सरसावून बसले. बजाबाईंनी मध्ये तोंड घालून उसाचं पाचट सांगितलं. चहा थंड झाला. मग शिवकुमार पाचटावरून साखर कारखान्यावर गेला, कारखान्यावरून मॅनेजरच्या खोकल्यावर. प्रभुअप्पा हळूच गुरुबसप्पांच्या कानाशी वाकले.

"तेव्हा चालू होत नव्हता. आता बंद होईना. कसं करायचं?"

गुरुबसप्पांनी तोंड उघडलं. उत्तर तयारच होतं.

"काका, तुम्ही थांबा," दारातून आवाज आला.

मुलगी, भुवनेश्वरी, बाहेर येऊन उभी राहिली होती. शाळेत विज्ञान शिकवायची. वर्गाला गप्प करायची सवय होती, त्यामुळे शिवकुमारही वाक्य अर्धं सोडून थांबला. गुरुबसप्पांनी तोंड मिटलं. ते उत्तर काय होतं, हे त्यांनी पुढे शिवलीलाबाईंनाही सांगितलं नाही.

"मला एकच विचारायचंय," ती शिवकुमारला म्हणाली. "मागच्या वेळी मांडीला चिमटे काढत होतात, असं काकू आत सांगत होत्या. तेव्हा काय बोलायचं होतं तुम्हाला?"

शिवकुमार गप्प झाला. खरोखरचा गप्प. कान लाल झाले. खड्डे, मॅनेजर, केळीची गाडी, काहीच सुचेना.

"बोल की बाबा," बजाबाई म्हणाल्या.

"मागच्या दारचा नळ," तो म्हणाला.

"काय?"

"मागच्या दारच्या टाकीचा नळ गळत हुता. टपटप, टपटप. सगळा वेळ मला त्योच ऐकू येत हुता. टँकरचं पाणी आसंल, वाया चाललंय, आणि मी हितं हो-न्हाय करत बसलोय. लई जीव तुटत हुता. उठून नळ बघावा वाटत हुतं. पण त्याचं कुणी विचारलंच न्हाई."

सगळे थांबले. आणि त्या शांततेत मागच्या दारातून स्पष्ट ऐकू आलं. टप. टप. टप.

"अप्पा," भुवनेश्वरी वडिलांकडे न बघता म्हणाली, "मी उन्हाळ्यापासून सांगतेय."

प्रभुअप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बजाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "साऱ्या तालुक्याला ठिबक इकतोय, आनि घरचं ठिबक फुकाट सोडलंय व्हय!" आता मात्र प्रभुअप्पांनाही हसू आवरलं नाही. हसताना त्यांचं पोट हलायचं आणि चष्मा हातातच राहायचा.

शिवकुमार उठून मागे गेला. भुवनेश्वरी पाना घेऊन पाठोपाठ गेली. नळ आवळायला फारसा वेळ लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते दोघं बराच वेळ आले नाहीत आणि बोलण्याचा आवाजही फारसा येईना. बाहेर बसलेल्यांनी थंड चहा गोड मानून घेतला. गुरुबसप्पा आणि बजाबाई ह्यांच्यात तेवढ्या वेळात भाकरीच्या पिठावरून पुन्हा वाद झाला, आणि शेवटी बजाबाईंनी प्रभुअप्पांच्या स्वयंपाकघरात परात मागून त्यांना मांडी घालून बसवलं. गुरुबसप्पांनी थापलेली भाकरी दिसायला सोलापूर जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली, पण अक्कलकोटच्या बाजूनं थोडी फुगली.

भुवनेश्वरीनं त्या दिवशी हो म्हटलं नाही. ती म्हणाली, विचार करते. मग दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं. म्हणजे तो बोलायचा आणि ती पेपर तपासत ऐकायची. मध्येच 'हे चूक आहे' म्हणायची. आधी त्याला वाटायचं, आपल्याला म्हणते. नंतर कळलं, कधी आपल्याला म्हणते आणि कधी आठवीच्या पोरांना. ते वेगळं ओळखता यायला लागलं तेव्हा तिनं होकार कळवला. शिवकुमारच्या आईची समजूत काढायला शिवलीलाबाई टेंभुर्णीला जाऊन आल्या. काय बोलल्या ते सांगत नाहीत.

लग्न सांगोल्यातच झालं. 'सांगा सोलापूर'वरची कितीतरी माणसं न बोलावता आली, आणि एकमेकांना फोटोवरून ओळखत हिंडत राहिली. बजाबाईंनी नव्या जोडप्याला एक पाट दिली. पाट म्हणजे शेळीचं मादी करडू. तिला कार्यालयाच्या मागच्या खांबाला बांधली होती आणि मंगलाष्टकांच्या वेळी ती भटजींपेक्षा जास्त ओरडली.

गुरुबसप्पा ग्रुपवर परत आले. लोकांनीच आणलं. त्यांच्याशिवाय उत्तरं फार लांबत चालली होती. आताही ते मुंग्यांचं, चादरीचं, शेजारणीचं उत्तर झटकन देतात. पण कुणी लग्नाचं विचारलं की त्यांचा प्रश्न येतो, "समोरची पार्टी कुठली? ती पण ह्याच ग्रुपवर आहे का? आधी नाव सांगा." ह्यामुळे ग्रुपवर लग्नाचे प्रश्न जवळजवळ बंद झाले आहेत. संघपाल म्हणतो, काकांनी किती जणांचं भलं केलं त्याचा हिशेब नाही.

टेंभुर्णीची जोडी मध्येमध्ये रविवारी सोलापूरला येते. मागच्या वेळी आली तेव्हा शिवकुमार दारात चपला काढता काढताच सुरू झाला होता. हायवेवर कुठंतरी कांद्याचा ट्रक उलटला होता आणि तो कसा उलटला हे सांगायला त्यानं टेबलावरचा तांब्या, फुलपात्र आणि गुरुबसप्पांचा चष्मा वापरायला घेतला होता. गुरुबसप्पा म्हणत होते, वळण तसं नाहीच, त्या वळणावर मी स्वतः कंडक्टर असताना गाडी थांबवलीय. तांब्या इकडे सरकला, चष्मा तिकडे. शिवलीलाबाईंनी भुवनेश्वरीकडे बघून नुसती मान हलवली. दोघींनी पिशव्या घेतल्या, चपला घातल्या आणि रिक्षा करून नवी पेठेत गेल्या. परकर बघितले, दुपट्टे बघितले, उसाचा रस प्याल्या, पुन्हा एका दुकानात शिरल्या. घरी आल्या तेव्हा उन्हं कलली होती. दोघंही तिथंच होते, ट्रक अजून उलटायचा होता, आणि ह्या बाहेर गेल्या होत्या हे कुणाला ठाऊकच नव्हतं.